माघातले पाहुणे आणि घरातली ऊब

आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला आणि वर "तुम्ही शाळेत इतिहास शिकवलात, तेव्हा गावाचा इतिहासच लिहा" असेही बजावले. पण मोरगावचा इतिहास म्हटला की तो मयूरेश्वराच्या देवळाच्या चार मनोऱ्यांपासून सुरू होतो आणि मोरया गोसावींपाशी येऊन थांबतो. तो पुष्कळांनी लिहिला आहे व माझ्याहून चांगला लिहिला आहे. म्हणून मी देवळाच्या पायऱ्या उतरून घरात शिरते. माघी यात्रेला आलेल्या पाहुण्यांना रात्री ऊब किती द्यावी, कशी द्यावी, आणि त्याबाबत घरातल्या दोघांचे एकमत नसेल तर कोणाचे ऐकावे, हा प्रश्न आपल्या गावातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. कोणत्याही बखरीत तो सापडणार नाही. आमच्या घरी मात्र तो एकदा जिवावर बेतला होता.

आपल्याकडे यात्रा दोन, भाद्रपदातली आणि माघातली. दोन्ही वेळा चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी येते आणि तिच्या मागोमाग घरोघर पाहुणे येतात. भाद्रपदातल्या पाहुण्याला गळक्या छपराखालून हलवले की भागते. माघातल्या पाहुण्याचे तसे नसते. तो निराळ्या हवेतून आलेला असतो. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. कऱ्हेकाठची हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा ऊन चटका देते आणि दिवस मावळला की जमिनीतली ऊब अडवून धरायला वर ढग नसतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता, तशी नोंद आहे. मुंबईला सांताक्रूझच्या वेधशाळेत १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंश नोंदले गेले, तर त्या थंडीची गोष्ट आमच्या मुंबईच्या मंडळींना वर्षानुवर्षे पुरली. समुद्रकाठच्या दमट हवेत मुरलेल्या माणसाला आपली साधी माघातली रात्रही बोचते, आणि आपण पदर डोक्यावरून घेऊन अंगणात भांडी घासत असतो. एकच हवा, एकीला गारठा, दुसरीला नित्याची.

जुन्या घरांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. पांढरीच्या मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर धाबे. अशी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते सावकाश परत करते. घराच्या पोटात माजघर, त्याला खिडकी नाही, आणि पलीकडे चूल. तेव्हा घरातली सर्वांत उबदार जागा ती, आणि तिथे निजायच्या बायका व पोरे. पुरुष पाहुण्यांचा मान मोठा, म्हणून त्यांची अंथरुणे बाहेर ओसरीवर! मानाच्या जागेला वारा फार लागतो, ही गोष्ट मला लग्न होऊन आल्याबरोबर ध्यानात आली. त्या मानकऱ्यांना घर एकच वस्तू देत असे, ती म्हणजे घोंगडी.

घोंगडीविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज पुढे जाववत नाही. आपल्या धनगरांची मेंढरे दख्खनी जातीची. त्यांची लोकर जाडीभरडी व आखूड धाग्याची, गुळगुळीत कापडाला निरुपयोगी. तिचे सूत हाताने काततात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि खड्ड्याच्या मागावर पट्टा विणतात. नवी घोंगडी अंगाला टोचते, हे खरे. पण तिच्यात हवा कोंडून राहते, आणि ऊब धरते ती मुख्यतः ही कोंडलेली हवाच. शिवाय तिचा मोठा गुण असा की ती ज्याची त्याची असते. ज्याला उकडेल त्याने ती पायावर लोटावी, ज्याला गारठा वाटेल त्याने डोक्यावरून घ्यावी. शेजारी निजणाऱ्याला विचारावे लागत नाही. काश्मिरात फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात, जपानात बसक्या मेजाखाली शेगडी ठेवून वर रजई पांघरतात. तिथेही माणूस ऊन ठेवायचा, खोली नव्हे, असाच हिशेब दिसतो.

विस्तव होताच. पण तो बहुतेक घराबाहेर असे. हुरड्याच्या दिवसांत शेतात गोवऱ्यांची आगटी, वेशीपाशी शेकोटी. ज्याला शेकायचे तो पुढे सरके, ज्याला पुरे झाले तो मागे होई. घरात निखाऱ्यांची शेगडी हक्काने मिळे ती एकट्या बाळंतिणीला. बाजेखाली शेगडी, तीवर ओव्याची धुरी, दार लोटलेले. सव्वा महिना असा काढलेल्या आपल्यापैकी कितीजणींना त्या खोलीतून बाहेर आल्यावर डोके धरल्याचे आठवत असेल! आम्ही त्याला अशक्तपणा म्हणत असू.

विसाव्या शतकात याच्या अगदी उलट शिकवण घरात आली. प्लेगाच्या व क्षयाच्या साथींनी लोकांना मोकळ्या हवेचे महत्त्व पटवले. शाळेच्या आरोग्याच्या पुस्तकात खिडक्या उघड्या ठेवून निजावे असे धडे आले. क्षयावर औषध सापडण्यापूर्वी रोग्याला आरोग्यधामाच्या व्हरांड्यात, भर थंडीत, उघड्या हवेत निजवणे हाच मोठा उपचार होता. आमच्या मामंजींच्या धाकट्या भावाने मिरजेजवळच्या वानलेसवाडीला असे दिवस काढले होते. तो काही परत आला नाही. पण मामंजींच्या मनात बंद खोलीची जी धास्ती बसली ती कायमची. रात्री ते उठून दारे किलकिली करीत आणि सासूबाई मागोमाग उठून ती लावीत. तोंडाने कोणी काही बोलत नसे. आज विचार करते तेव्हा वाटते, एका घरात दोन काळ राहत होते. सासूबाईंचा काळ बाळंतिणीच्या खोलीतला, मामंजींचा आरोग्यधामातला. आणि दोघांनाही आपापल्या माणसांची काळजी.

१९७१ सालचा माघ. माझ्या लग्नाला दुसरे वर्ष लागले होते. गिरगावहून सासूबाईंची धाकटी बहीण, तिची मुलगी आणि चार वर्षांचा नातू असे यात्रेला आले. त्यांची सोय वरच्या नव्या खोलीत केली. ही खोली त्याच्या आदल्या वर्षी बांधलेली. विटांची, सिमेंटच्या गिलाव्याची, काचेच्या खिडकीची. साऱ्या घराला तिचा अभिमान. पण पातळ भिंतींची ती खोली रात्री गार पडे. मावशींना घोंगडी दिली तर म्हणाल्या, "टोचते ग बाई, त्यापेक्षा जरा शेगडी दे." मामंजी ओसरीवरून म्हणाले, "शेगडी नको, हवी तर आणखी दोन वाकळा द्या." त्यावर सासूबाईंनी मला हळूच सांगितले, "त्यांचे ऐकू नको. माझी बहीण माझ्या घरी कुडकुडत निजली तर लोक काय म्हणतील?"

मी सासूबाईंचे ऐकले. लोणारी कोळसा चांगला फुलवून, धूर पुरता गेल्यावर, शेगडी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. दाराखालच्या फटीतून वारा येतो असे मावशी म्हणाल्या, म्हणून जाताना तिथे गोणपाटाची घडीही मीच सरकवली. पाहुणचार उत्तम झाला अशा समाधानात निजले.

पहाटे मामंजी काकडआरतीला जायला उठले. सवयीने वर जाऊन त्यांनी दार लोटले, तर ते गोणपाटात अडकले. हाक मारली, उत्तर नाही. खांदा लावून दार उघडले तेव्हा मावशी उशीवर ओकलेल्या, त्यांची मुलगी भिंतीला धरून उठू पाहते आहे पण पाय उचलत नाहीत, आणि पोर हलवले तरी जागे होत नाही. मामंजींनी पोराला उचलून अंगणात आणले, आम्ही दोघींना ओढतच बाहेर काढले. भोवती जमलेल्यांपैकी कोणी दृष्ट म्हणाले, कोणी पित्त. पोराने डोळे उघडले तेव्हा उजाडले होते. पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितले की ही कोळशाची बाधा, आणखी तासभर दार लागलेले राहते तर तिघांचे काही खरे नव्हते. त्या पोराला आता नातवंडे आहेत. तरीही गोणपाट हातात आला की माझा हात क्षणभर थांबतो.

हा विषारी वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नसलेल्या निखाऱ्यांतून तो निघतच असतो, म्हणून "धूर गेला, आता शेगडी आत घ्या" हा आपला जुना नेम अपुरा पडतो. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो रक्तावर कसा काम करतो हे दाखवले. त्यानंतरही १९०२ साली प्रसिद्ध कादंबरीकार एमिल झोला पॅरिसमध्ये आपल्या निजायच्या खोलीत, धुराडे नीट वाहत नसल्यामुळे, याच वायूने गेले; पत्नी वाचली. आणि २०२० च्या जानेवारीत नेपाळातील दामन येथे सहलीला गेलेली केरळची आठ माणसे, त्यांत चार मुले, गॅसचा हीटर लावून बंद खोलीत निजली ती उठलीच नाहीत. तीही कोणाची तरी पाहुणीच होती.

मग आमच्या आजेसासूबाईंच्या वेळी शेगडीने असे का होत नव्हते? थोडेफार होतच असणार, अशक्तपणा म्हणून खपत असणार. पण जुन्या घराच्या छतात धूर जायला सवणे असे, दाराच्या फळ्यांत बोटभर फटी असत. घराने स्वतःच खिडकी उघडी ठेवलेली होती. आमच्याकडे शेगडी जुनी होती, खोली नवी होती. गावात सिमेंटची घरे येऊ लागली तेव्हा ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नाही.

माझी मुलगी इंग्लंडात लीड्सला असते. तिच्याकडे मी प्रथम हिवाळ्यात पाहुणी म्हणून गेले तेव्हा या कहाणीचे पुढचे प्रकरण पाहिले. तिथे निखारे नाहीत. भिंतीवर एक चकती, ती फिरवली की सारे घर तापते. जावई ती अठरावर ठेवी, मुलगी एकवीसवर, आणि माझ्यासाठी म्हणून ती गुपचूप तेवीसवर जाई. दारे लावण्या-उघडण्याचा आमचा जुना खेळच तो! या चकतीचा एक पूर्वज अमेरिकेतल्या व्हाइटवॉटर गावच्या शिक्षकांच्या शाळेत जन्मला. वर्गात थंडी आहे की उकाडा हे पाहायला शिपाई सारखा आत येई आणि मग तळघरात जाऊन झडपा हलवी. त्या व्यत्ययाला कंटाळून वॉरन जॉन्सन या प्राध्यापकांनी वर्गातून तळघरात खूण देणारे विजेचे यंत्र केले व १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. माझ्यासारख्या मास्तरणीला हे वाचून फार बरे वाटले.

पण ऊब सगळ्या घराची झाली की ती एकाच मापाची होते, आणि ते माप कोणाचे हा तंटा सुरू होतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या सुमारास घरांतले हिवाळ्यातले सरासरी तापमान बारा अंशांच्या आसपास होते. आज ते सतरा-अठराच्या घरात आहे. म्हणजे तिथेही आज्या लोकर पांघरूनच बसत होत्या. १९७७ च्या फेब्रुवारीत इंधनाची टंचाई होती तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर बसले आणि घरे दिवसा अठरा, रात्री तेरा अंशांवर ठेवा असे त्यांनी देशाला सांगितले. २०१५ साली नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी दाखवले की, कचेऱ्यांतले तापमान ठरवण्याच्या सूत्रात शरीरातल्या उष्णतेचे माप चाळीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचे धरलेले आहे. बाईच्या शरीरातली उष्णता त्यामुळे पस्तीस टक्क्यांपर्यंत जास्त मोजली जाऊ शकते. म्हणजे "तुम्हां बायकांनाच कशी थंडी वाजते" या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळाले आहे. भगिनींनी ते लक्षात ठेवावे, घरी उपयोगी पडेल.

आता आपल्या गावातही स्लॅबची घरे आणि घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या झाल्या. यात्रेला पाहुणे येतात ते विजेचा हीटर आहे का विचारतात. त्यातून हा वायू निघत नाही, तेवढी निर्धास्ती. पण एकाला लावायचा असतो आणि दुसऱ्याचा घसा सुकतो. अजून काही घरी वीज गेली की घमेल्यात निखारे आत येतात, हे मी मागच्या माघात डोळ्यांनी पाहिले, म्हणून तर हा लेख लिहिला.

मावशी त्या प्रसंगानंतर आमच्याकडे येणार नाहीत असे सासूबाईंना वाटले होते. त्या पुढच्याच माघात आल्या, येताना आपली कापसाची रजई वळकटीत बांधून. निजताना मी दाराशी घुटमळत उभी होते. मावशींनी रजई गळ्यापर्यंत ओढली आणि खाली ओसरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "भावोजी, दार उघडेच आहे बरं का, मी लावू द्यायची नाही." खालून मामंजींचे उत्तर आले नाही. पण त्या रात्री ते दार पाहायला उठले नाहीत.