आधी पाणी, मग तेल

परतवाड्याच्या कॉलेजात असताना आम्ही एन.सी.सी.त होतो. कवायतीसाठी आणि वर्षातून एकदा नेमबाजीसाठी आमच्या हाती .३०३ रायफली येत. त्या सैन्याने वापरून बाजूला काढलेल्या होत्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्या सैन्यात ७.६२ मि.मी.ची रायफल येत गेली आणि निघालेल्या .३०३ पोलीस, गृहरक्षक दल आणि एन.सी.सी. यांच्याकडे सरकल्या. दस्त्यावर आधीच्या कितीतरी हातांच्या खुणा, लाकूड काळे पडलेले, आणि प्रत्येक रायफलीविषयी पोरांमध्ये काहीतरी प्रवाद. ही डावीकडे मारते, ती वाकडी आहे, वगैरे.

शंभर यार्डांवरच्या पुठ्ठ्यावर आम्ही पाच गोळ्या झाडल्या. भोके तळहाताएवढ्या जागेत विखुरली होती. एकावर एक पडतील अशी आमची अपेक्षा असल्यामुळे दोष अर्थातच रायफलीला दिला. संध्याकाळी आमच्या उस्तादांनी चहाच्या किटलीत पाणी उकळवले आणि नरसाळे लावून ते सरळ नळीत ओतायला सुरुवात केली. लोखंडात पाणी! आम्ही हसलो. उस्ताद एवढेच म्हणाले, "पहले पानी, फिर तेल. क्यों, वो अपने केमिस्ट्रीवाले सर से पूछना." आम्ही विचारले नाही. उत्तर कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

जुन्या रायफलीकडून किती नेमाची अपेक्षा ठेवावी, आणि तिच्यात पाणी का ओतावे, हे दोन प्रश्न आम्हाला तेव्हा वेगवेगळे वाटले होते. बंदुकीचा इतिहास पाहिला तर दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट निघते: नळीत साचणारा मळ.

या इतिहासासाठी परतवाड्याहून फार लांब जावे लागत नाही. परतवाडा ही मुळात अचलपूरची छावणी. त्याही आधी, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या आडगावला आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याच्या गाविलगडावर आर्थर वेलस्लीच्या फौजा लढल्या. त्यांच्या पायदळाच्या हाती होती 'ब्राऊन बेस' ही ठासणीची बंदूक. तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच आणि आत जाणारी शिशाची गोळी साधारण ०.६९ इंचाची. म्हणजे गोळी नळीपेक्षा दीड मिलिमीटरने लहान. घोडा ओढला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, खडखडत बाहेर पडायची आणि शेवटचा धक्का ज्या बाजूने बसेल तिच्या उलट दिशेला जायची. त्यातून तिला मिळणारी गिरकीही दर वेळी वेगळी. जॉर्ज हँगर या इंग्रज कर्नलने १८१४ मध्ये स्वच्छ लिहून ठेवले आहे की ऐंशी यार्डांवर माणसाला गोळी लागू शकते, शंभरावर कदाचित लागेल, पण दोनशे यार्डांवर नेम धरणे म्हणजे चंद्रावर नेम धरण्यासारखे.

मग गोळी घट्ट का बसवत नसत? इथे रसायन येते. बंदुकीची काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळते तेव्हा तिच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपातच राहतो: पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड आणि काजळी. यातला काही भाग धुराबरोबर जातो, उरलेला नळीला चिकटतो. पंधरा-वीस बार झाले की नळी आतून अरुंद होते. घट्ट गोळी मग दट्ट्याने ठोकूनही खाली जात नाही आणि समोर शत्रू उभा असतो. म्हणून गोळी मुद्दाम सैल ठेवायची आणि नेमावर पाणी सोडायचे. नळीत सर्पिल खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, हे युरोपातल्या कारागिरांना सोळाव्या शतकापासून माहीत होते. शिकारी अशी रायफल सावकाश ठासून वापरत. सैन्याला ती परवडत नव्हती, कारण मळ.

ही कोंडी फुटली ती १८४९ मध्ये, मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने. ती लांबट होती आणि बुडाशी पोकळ. भरताना सैल जायची, पण बार होताच मागचा वायू तिचे बूड फुगवी आणि ती खाचांत घट्ट बसे. याच तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ ची एन्फिल्ड रायफल केली. योगायोग असा की त्याच वर्षी, २१ मे १८५३ च्या तहाने, निजामाने हैदराबाद कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. परतवाड्याच्या छावणीत राहत होती ती याच कंटिन्जंटची पलटण.

एन्फिल्डच्या नळीत तीन खाचा होत्या, आणि त्यांचा एक पुरा फेरा ७८ इंचांत होई. नळी मात्र ३९ इंचांचीच. म्हणजे गोळी आत असताना जेमतेम अर्धी गिरकी घेई. तेवढ्यानेही नेम काही पटींनी सुधारला. पण मळाचा प्रश्न पुरता सुटला नव्हता. तो मऊ राहावा आणि गोळी सहज आत सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत. १८५७ च्या भडक्याची ठिणगी म्हणून शाळेत आपण जी चरबी शिकवतो, तीच ही. ती कोणत्या प्राण्याची, यावर आपण वर्गात खूप बोलतो. ती तिथे कशासाठी होती हे सहसा सांगत नाही. ती नळी साफ राहावी म्हणून होती.

हैदराबाद कंटिन्जंट त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिले, ह्यू रोजच्या हाताखाली मध्य भारतात लढले. तरीही युद्ध संपल्यावर हिंदी शिपायांकडे भरवशाची रायफल द्यायची नाही असे सरकारचे धोरण ठरले. त्यांच्यासाठी १८५८ मध्ये वेगळी बंदूक काढली. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड, पण नळी आतून गुळगुळीत, खाचांविना. ही बंदूक आम्हाला फार बोलकी वाटते. शिपायाला किती अंतरावर नेम लागावा, हे इथे कारकुनाच्या टेबलावर ठरले होते. पुढेही हाच क्रम राहिला. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर आली, गोऱ्यांना मासिकाची रायफल मिळाली तेव्हा त्याच्याकडे मार्टिनी. एक पिढी मागे. परंपरा स्वातंत्र्यानंतरही वेगळ्या रूपात चालू राहिली असे म्हणावे लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेतलेल्या हल्लेखोरांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती .३०३ होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर त्या २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर निवृत्त केल्या.

तेव्हा .३०३ वाईट होती का? नेमापुरते बोलायचे तर मुळीच नाही. तिच्या २५ इंची नळीत खाचांचा एक फेरा १० इंचांत पुरा होतो. गोळी सेकंदाला सुमारे २४४० फूट वेगाने निघते. विद्यार्थ्यांना गणित घालून पाहा: २४४० ला १२ ने गुणून १० ने भागले की सेकंदाला २९०० हून अधिक गिरक्या येतात. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रायफलीकडून अपेक्षा होती ती शंभर यार्डांवर तीन-चार इंचांच्या आत गोळ्या ठेवण्याची. म्हणजे आमची तळहाताएवढी जागा! आम्ही जिला वाकडी म्हणून हिणवली ती रायफल जन्मली तेव्हाही याहून फार चांगली नव्हती, आणि तिच्याकडून तेवढेच मागितले होते. अंतर तिप्पट केले की विखुरणेही तिप्पट होते. तीनशे यार्डांवर ते फूटभर येते. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाला याच अंतरावर मिनिटाला पंधरा गोळ्या लक्ष्यावर मारण्याचा सराव असे. पन्नास-साठ वर्षे वापरलेली रायफल शंभर यार्डांवर चार-पाच इंच देत असेल तर ती निरोगी आहे. दहा इंच देत असेल तर नळीत डोकावून पाहायला हवे, कारण आत बहुधा गंजाने खाल्लेले खड्डे दिसतील.

हा गंज कुठून येतो, याचे उत्तर शोधायला रसायनशास्त्रज्ञांना बराच वेळ लागला. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट बनवले: ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन, ५ भाग व्हॅसलीन. (व्हॅसलीन घातले होते नळीला वंगण म्हणून, उपयोग झाला तो कॉर्डाइट साठवणीत टिकण्यासाठी.) धूर गेला, काजळी गेली. मेटफर्डने काळ्या दारूचा मळ अडकू नये म्हणून गोलसर कडांच्या सात उथळ खाचा आखल्या होत्या. कॉर्डाइटच्या उष्णतेने त्या भराभर झिजल्या आणि १८९५ मध्ये त्यांच्या जागी पाच खोल खाचा आल्या. नळी आता बार झाल्यावर चकचकीत दिसे. शिपाई तेलाची चिंधी फिरवून रायफल ठेवून देत आणि आठवड्याने पाहावे तर आत तांबूस थर. दोष कॉर्डाइटच्या वायूंतल्या आम्लांना दिला गेला आणि अल्कलीयुक्त द्रावणे निघाली.

खरा गुन्हेगार काडतुसाच्या बुडातल्या इवल्याशा टोपीत होता. तिच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. प्रयोगशाळेत ऑक्सिजन बनवताना मँगनीज डायऑक्साइडबरोबर आपण जे तापवतो, तेच. ऑक्सिजन निघून गेला की मागे राहते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. १९२२ मध्ये अमेरिकेच्या खाण विभागातल्या हफ यांनी हे प्रयोगाने दाखवले. क्षार तेलात विरघळत नाही. उलट तेलाखाली तो सुखाने राहतो आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ८४ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच द्रावण होतो. काळ्या दारूच्या काळातही टोप्यांत क्लोरेट होते, पण काजळीमुळे लोक नळी पाण्याने धूतच आणि क्षार नकळत निघून जाई. मळ दिसेनासा झाला आणि धुणे थांबले.

वऱ्हाडात याचा आणखी एक परिणाम होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नुसते तेल लावून ठेवलेली रायफल खुशाल टिकते. आपली पद्धत बरोबर आहे अशी खात्री पटते, आणि आषाढात नळी खराब होते. पुढे शिशाच्या संयुगावर आधारलेल्या, क्लोरेट नसलेल्या टोप्या आल्या. पण जुने लष्करी काडतूस वापरले की पाणी आलेच. आमच्या काडतुसांच्या बुडावर के.एफ. अशी अक्षरे असत. ती १८६९ पासून चालत आलेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची.

साफसफाईतल्या आणखी दोन गोष्टींचीही कारणे सांगण्याजोगी आहेत. दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढतात तिला पुलथ्रू म्हणतात. सैनिकांच्या तोंडी तो 'फुलतरू' होतो. ती नेहमी मागून पुढे, नळीच्या तोंडाकडे आणि अगदी सरळ ओढायची. दोरी तोंडाच्या कडेला घासत राहिली तर सुताची दोरी पोलादात खाच पाडते. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श याच कडेला होत असल्यामुळे तेवढ्याने नेम बिघडतो, मग आतली नळी कितीही चांगली असो. दुसरे म्हणजे गोळीच्या आवरणातले तांबे खाचांना चिकटते. ते अमोनियाच्या द्रावणाने निघते आणि चिंधी गर्द निळी होते. कॉपर सल्फेटच्या द्रावणात अमोनिया घालून विद्यार्थी जो रंग पाहतात, तोच हा निळा.

रायफलीशिवाय हे सारे वर्गात दाखवता येते. तीन लोखंडी खिळे काचकागदाने घासून चकचकीत करा. पहिल्याला नुसते तेल लावा. दुसरा मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग तेल लावा. तिसराही तसाच मिठाचा करा, पण उकळत्या पाण्यात चांगला धुऊन, वाळवून, मग तेल लावा. तिन्ही खिडकीत ठेवा. प्रयोग जुलैत करावा. मार्चमध्ये केला तर दुसऱ्या खिळ्यालाही फारसे काही होत नाही आणि मुले शिक्षकांकडे बघत बसतात. उकळतेच पाणी का, असे कोणीतरी विचारील. पोटॅशियम क्लोराइड २० अंशांच्या शंभर ग्रॅम पाण्यातही ३४ ग्रॅम विरघळते, म्हणजे क्षार काढायला थंड पाणी पुरेसे आहे. पण उकळत्या पाण्याने लोखंड इतके तापते की उरलेले पाणी आपोआप उडून जाते आणि चिंधी कोरडीच बाहेर येते. तिसरा खिळा एकदा थंड पाण्याने धुऊन, अर्धवट पुसून पाहिला की फरक दिसतो.