गिळलेला शत्रू मरतो कशाने? यीस्ट, पांढऱ्या पेशी आणि प्राणवायूचे शस्त्र

१/
१८८४ साली प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह यांनी डॅफ्निया या पाण्यातील पारदर्शक जीवाविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. डॅफ्नियाने गिळलेल्या एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरत. तेथील फिरत्या पेशी त्यांना वेढून नष्ट करीत. एखादा बीजाणू निसटून अंकुरला, तर मात्र यीस्ट अंगभर पसरे आणि डॅफ्निया मरून जाई.

२/
भक्षक पेशींच्या सिद्धान्ताला या लढतीने भक्कम आधार दिला. १९०८ साली मेच्निकोव्ह यांना पाउल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण गिळलेला शत्रू मरतो कशाने, हे कोडे कायम राहिले.

३/
१९३३ मध्ये बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांना दिसले, की जंतू गिळताना कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी एकाएकी अधिक प्राणवायू घेतात. गिळण्यासाठी ऊर्जा लागत असावी, असा तर्क सहज होता. १९५९ मध्ये स्बारा आणि कार्नोव्स्की यांनी तो मोडला: ती ऊर्जा प्राणवायूविना, साखरेच्या विघटनातून मिळते. मग प्राणवायू जातो कुठे?

४/
उत्तर १९७३ मध्ये बेबियर आणि सहकाऱ्यांनी दिले. पांढऱ्या पेशी त्यापासून सुपरऑक्साइड बनवतात. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्यापासून आणखी जहाल द्रव्य घडवते. शत्रूवर येणारा हाच ऑक्सिडेटिव्ह ताण.

५/
या विकराचे मोल १९६९ मध्येच एका रुग्णामुळे कळले होते. त्याच्या शरीरभर कॅन्डिडा यीस्टचा संसर्ग पसरला होता. लेरर आणि क्लाइन यांना आढळले, की त्याच्या पांढऱ्या पेशी यीस्ट गिळत होत्या, पण मारू शकत नव्हत्या. त्यांत मायलोपेरॉक्सिडेज नव्हते.

६/
यीस्टही निःशस्त्र नाही. कॅन्डिडा अल्बिकन्सचे कॅटलेज पेरॉक्साइड मोडते. त्याच्या पेशीच्या पृष्ठभागावरील सुपरऑक्साइड डिसम्यूटेज विकरे सुपरऑक्साइड बाहेरच निकामी करतात. ही विकरे काढून टाकलेले यीस्ट भक्षक पेशींना सहज बळी पडते.

७/
२०१७ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. गोल रूप सोडून तंतुरूप घेताना कॅन्डिडा स्वतःच सुपरऑक्साइड बनवते, तेही मानवी पेशींतील विकराच्याच कुळातल्या विकराने. शत्रूचे जे विष, तेच तिच्या वाढीचे साधन!

८/
यीस्टच्या पेशी आपल्या पेशींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असतात. म्हणून तिला मारून रुग्णाला न दुखावणारे औषध शोधणे कठीण. येथेच एक फट दिसते. मानवी पेशींबाहेर काम करणारे असे विकर तांबे आणि जस्त दोन्ही वापरते, तर कॅन्डिडाचे एसओडी-५ केवळ तांब्यावर चालते, हे २०१४ मध्ये दिसून आले. ज्या ढालीने यीस्ट वाचते, तिच्याच वेगळ्या घडणीत उद्याच्या औषधाचे लक्ष्य असू शकते.