पुणे डिव्हिजन आणि कूतचा वेढा

पहिल्या महायुद्धाची गोष्ट निघाली म्हणजे साराजेव्होचा तो खून, फ्रान्समधले चिखलाचे खंदक, व्हर्डन आणि सोमच्या लढाया हेच आपल्या डोळ्यांपुढे येते. शाळेच्या पुस्तकांनी ते चित्र आपल्या मनावर ठसवून ठेवले आहे आणि त्यात खोटे असे काही नाही. पण रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूच्या खेड्यांतून जे शिपाई त्या युद्धात गेले, त्यांतल्या पुष्कळांनी फ्रान्सचा किनारा पाहिलाही नाही. ते गेले बसऱ्याला. बसऱ्याचे नाव आपल्या लोकांना नवे नव्हते. बसऱ्याचे मोती आपल्याकडे दागिन्यांत होते, तिकडचे अरबी घोडे नि खजूर मुंबईच्या बंदरात उतरत होते. मात्र त्या मुलुखात जाऊन तुर्कांच्या सुलतानाशी दोन हात करावेत असे वैर सातारच्या शेतकऱ्याचे कधीच नव्हते. मग तो तिथे पोहोचला कसा? आणि तिथे जे घडले त्याचे पुढे काय झाले? आज ती हकीगत सांगायची आहे.

युरोपात आग कशी लागली हे आपण जाणताच. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिन्याभराने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले आणि मग या तहापायी रशिया, त्या तहापायी फ्रान्स, बेल्जममध्ये जर्मन फौज घुसली म्हणून इंग्लंड, असे करीत ४ ऑगस्टपर्यंत सारी मोठी राष्ट्रे आगीत उतरली. हिंदुस्थानला कोणी विचारले नाही. इंग्लंड युद्धात म्हणजे हिंदुस्थान युद्धात, एवढाच हिशेब! तुर्कस्थान मात्र तीन महिने काठावर उभे होते. त्या सरकारने दोन मोठ्या लढाऊ नौका इंग्लंडच्या गोद्यांत बांधायला टाकल्या होत्या. लोकांनी त्यासाठी घरोघर वर्गणी दिली होती. युद्ध सुरू होताच इंग्लंडने त्या नौका सरळ ताब्यात घेतल्या. जर्मनीने संधी ओळखली आणि आपल्या ‘गोबेन’ व ‘ब्रेस्लाउ’ या दोन नौका तुर्कांच्या हवाली केल्या. याच नौकांसह तुर्की आरमाराने ऑक्टोबरच्या अखेरीस काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या आणि ५ नोव्हेंबरला इंग्लंडने तुर्कस्थानविरुद्ध युद्ध जाहीर केले.

पण गंमत अशी, की मुंबईहून फौज त्याआधीच निघाली होती. ऑक्टोबरच्या मध्याला पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधली एक ब्रिगेड जहाजांवर चढली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. एवढी घाई कसली? तर तेलाची. इंग्लंडचे आरमार त्या सुमारास कोळशावरून तेलावर येत होते. इराणच्या आखाताच्या तोंडाशी, आबादानला, तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता आणि युद्धाच्या काही आठवडे आधी ब्रिटिश सरकारने त्या कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेण्याचा करार केला होता. तेव्हा कारखाना राखायचा, बसरा हाती घ्यायचा आणि आसपासच्या अरब शेखांवर वचक बसवायचा, इतकेच काम ठरले होते. ६ नोव्हेंबरला फौज फावला उतरली आणि पंधरा-सोळा दिवसांत बसरा पडला. काम झाले.

इथे थांबते तर पुढचे काहीच घडले नसते. पण सहज मिळालेला विजय मोठा घातकी असतो. बसरा राखायला कुर्ना हवे म्हणून कुर्ना घेतले. आदम आणि हव्वाची बाग तिथेच होती असे तिकडचे लोक सांगतात. शिपायांना मात्र तिथे डास, चिखल आणि उन्हाळा एवढेच आढळले. मग कुर्ना राखायला अमारा. जून १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडने मूठभर माणसांनिशी अमारा घेतले, कारण तुर्की शिबंदीला वाटले की मागून सारी फौज येते आहे. सप्टेंबरात कूत-अल-अमारा पडले. आता बगदाद उरले. तिकडे गॅलिपोलीत इंग्रजांचा डाव फसला होता आणि लंडनच्या मंत्रिमंडळाला कुठला तरी एक दणदणीत विजय लोकांना दाखवायचा होता. आणि बगदादइतके मोठे नाव त्या भागात दुसरे कोणते? खुद्द टाउनशेंडला ही चाल धोक्याची वाटत होती, सरसेनापती निक्सनला वाटत नव्हती. ऑक्टोबरात हुकूम सुटला.

आता या मोहिमेचे खरे दुखणे पाहू. ते तुर्कांच्या तोफांत नव्हते, होड्यांत होते. बसऱ्यापासून बगदाद नदीने सुमारे ५०० मैल. रेल्वे नाही, बांधलेला रस्ता नाही. धान्य, दारूगोळा, औषधे, जखमी माणसे, सारे काही तैग्रिस नदीतून न्यायचे नि आणायचे. नदी उन्हाळ्यानंतर इतकी उथळ होते की साधी आगबोट वाळूत रुतून बसते, तेव्हा उथळ तळाच्या बोटी हव्यात आणि त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बसऱ्याला धक्के नव्हते. मुंबई-कराचीहून आलेली जहाजे माल उतरण्याची वाट पाहत नांगर टाकून उभी राहत. ही सारी मोहीम १९१६ च्या सुरुवातीपर्यंत सिमल्याहून चालवली जात होती आणि सिमल्याचे सरकार पैशाच्या बाबतीत विलक्षण हात आखडून वागत होते. रेल्वेची मागणी आली, ती खर्चाच्या सबबीवर नाकारली. बोटी मागितल्या, त्या वेळेवर आल्या नाहीत. फौज मात्र पुढे जात राहिली. प्रत्येक मैलागणिक रसदेचा दोर लांबत होता आणि बारीक होत होता. हे कळायला मोठे युद्धशास्त्र लागत नाही. घाटावर बैलगाडीने माल नेणाऱ्या कोणाही गाडीवानाला ते कळले असते.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला, खुस्रूच्या त्या प्रचंड कमानीच्या छायेत, लढाई झाली. टाउनशेंडचे चार हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. म्हणजे लढणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे. जखमींना नेण्यासाठी होत्या खेचरांच्या, बिनस्प्रिंगच्या लोखंडी गाड्या. मांडीचे हाड मोडलेला माणूस तसल्या गाडीतून खडबडीत वाळवंटात मैलोगणती हादरत गेला. मग नदीवर बोटीत कोंबला गेला आणि बसऱ्याला पोचेपर्यंत दिवसामागून दिवस तसाच पडून राहिला. ‘मेजिदिये’ नावाची अशी एक बोट बसऱ्याला आली, तेव्हा हिंदी वैद्यकीय खात्यातले मेजर कार्टर तिथे इस्पितळी जहाजावर होते. दुरून त्यांना वाटले, बोटीच्या कडांवरून दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर दिसले, ते दोर नव्हते. डेकवर दाटीने पडलेल्या, हलता न येणाऱ्या शेकडो माणसांची ती घाण होती. कार्टरनी तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यांनाच दटावले आणि आगाऊ ठरवले. इकडे सरकारी तार गेली होती की जखमींची व्यवस्था उत्तम लागली आहे!

टाउनशेंड मागे हटून कूतला आला. तैग्रिसने तीन बाजूंनी वेढलेले ते लहानसे गाव. ७ डिसेंबरला तुर्कांनी चौथी बाजू बंद केली. आत होत्या पुणे डिव्हिजनच्या तिन्ही मराठा पलटणी, १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. शिवाय पंजाबी, राजपूत, गुरखे, इंग्लंडच्या डॉर्सेट नि नॉर्फोकचे गोरे शिपाई, तोफखान्याचे लोक आणि गावातले सहा-एक हजार अरब रहिवासी. २४ डिसेंबरला तुर्क मातीच्या किल्ल्याची भिंत फोडून आत घुसले. रात्रभर अगदी हातघाईची लढाई झाली. तीत १०३ व्या पलटणीचे मराठे होते. तुर्कांना मागे रेटले गेले आणि त्यानंतर त्यांनी वेढा आवळून वाट पाहण्याचे धोरण धरले. भूक आपले काम करील, हा त्यांचा हिशेब अचूक होता.

भुकेची ती कहाणी डॉक्टरांनी अजून विसरू नये अशी आहे. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळे. त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी शिपायांना कोंड्यासकट आटा नि डाळ मिळे. त्यांना बेरीबेरी झाला नाही, पण ताजे अन्न नसल्याने हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग, स्कर्व्ही, झाला. पुढे पांढरे पीठ संपले, गोऱ्यांनाही जाडेभरडे पीठ खावे लागले आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा नुकते कुठे बाळसे धरत होते. कूतच्या उपाशी माणसांनी त्याला आयता पुरावा दिला.

मांस होते, पण ते घोड्याचे नि खेचराचे. गोरे शिपाई ते खाऊ लागले. हिंदी शिपायांनी बरेच दिवस नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवून तारेने कळवण्यात आली, तरीही पुष्कळांचा जीव धजेना. कूतमधून एक दिवस सुटका होईल आणि गावी परत गेल्यावर पंगतीला कोण घेईल, पोरीला कोण पत्करील, ही धास्ती त्यांना होती. याला हट्ट म्हणून हसणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाला सरकारने विचारल्यावाचून परक्या मुलुखात नेऊन उपाशी ठेवले, त्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे एवढेच उरले होते. एप्रिलमध्ये शेवटी हजारो जणांनी ते मांस खाल्ले. तोवर अंगात त्राण राहिले नव्हते.

बाहेरून सुटकेचे प्रयत्न चालू होते. टाउनशेंडने प्रथम कळवले की धान्य थोड्याच दिवसांचे आहे. जानेवारीच्या शेवटी गावात शोध घेतल्यावर पेवांत नि घरांत पुष्कळ धान्य निघाले. पण त्या पहिल्या निरोपाने सुटकेची फौज अपुऱ्या तयारीने घाईघाईने चालून गेली आणि शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नय्यात अशा एकामागून एक लढायांत सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली. आत अडकले होते त्याहून जास्त! विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. वेढलेल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा हा पहिलाच प्रयोग म्हणतात. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांत. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ नावाची बोट २७० टन रसद घेऊन नदीतून घुसली, पण तुर्कांनी तारदोर आडवा टाकला होता, तीत ती अडकली. शेवटी इंग्रजांनी तुर्की सेनापती खलील पाशाला पैसे देऊ केले, प्रथम दहा लाख पौंड, मग वीस. बोलणी करायला गेलेल्यांत पुढे प्रसिद्धीस आलेला टी. ई. लॉरेन्स होता. पाशाने नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला कूत शरण गेले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाकडून ‘सर’ हा किताबही. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी बगदाद, तिथून मोसूल, तिथून रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर नेण्यात आले. वाटेत जो पडला तो तिथेच राहिला. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून पुष्कळ जास्त कैदेत मेले. हिंदी शिपाई नि त्यांच्याबरोबरचे कामकरी काही हजारांनी गेले. बंगाली रुग्णसेवा पथकातला शिशिर सर्वाधिकारी नावाचा तरुण त्या कैदेतून जगला आणि त्याने बंगालीत आपली हकीगत लिहून ठेवली. ती १९५७ मध्ये छापली गेली.

युद्धात हार झाली की चौकशी बसते. मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लंडन हादरले. दोष निक्सनवर आला, व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर आला, सिमल्याच्या सरसेनापतीवर आला. मेजर कार्टरची साक्ष अहवालात होती. जुलैत पार्लमेंटमध्ये एडविन माँटेग्यू यांनी सांगितले की हिंदुस्थान सरकारचा कारभार लाकडी, लोखंडी, ताठर आणि जलप्रलयापूर्वीचा आहे. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या खुर्चीवर बसवले ते याच माँटेग्यूंना. महिन्याभरात, २० ऑगस्ट १९१७ ला, जबाबदार राज्यपद्धती क्रमाक्रमाने देण्याची ती प्रसिद्ध घोषणा झाली. तिचा मसुदा आधीपासून शिजत होता, होमरूलच्या चळवळीचा रेटा होता, तेव्हा एकट्या कूतने ती घोषणा घडवली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु हिंदुस्थानचा कारभार आतून किती पोकळ आहे, हे आपले पुढारी कित्येक वर्षे ओरडून सांगत होते, ते साहेबाच्याच चौकशीने साहेबाच्या तोंडून वदवले, याचे श्रेय कूतच्या भुकेलाच द्यावे लागते.

पुढची गोष्ट थोडक्यात. नव्या सेनापतीने, मॉडने, आधी बोटी, रेल्वे नि इस्पितळे उभी केली आणि मगच पाऊल उचलले. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडले. आम्ही जिंकायला नव्हे, तर मुक्त करायला आलो आहोत असा जाहीरनामा त्याने रहिवाशांना वाचून दाखवला. तो लिहिला होता लंडनच्या मार्क साइक्सने, आणि याच साइक्सने आदल्या वर्षी फ्रान्सशी गुप्त करार करून तो सारा मुलूख नकाशावर वाटून घेतला होता! १९२० साली इराक इंग्लंडच्या हवाली झाला, तेव्हा तिथल्या लोकांनी बंड केले. ते मोडायला पुन्हा हिंदी पलटणीच नेल्या गेल्या. त्याच वर्षी आपल्याकडे खिलाफतीच्या सभांत तुर्कस्थानच्या तहाविरुद्ध भाषणे होत होती. १९२१ मध्ये फैजलला इराकच्या गादीवर बसवले गेले, आणि १९२७ मध्ये किर्कुकला तेलाचा मोठा झरा लागला. बाजारात १९३२ पर्यंत आपलाच रुपया चालत होता.

सहा लाखांच्या आसपास हिंदी माणसे त्या युद्धात मेसोपोटेमियाला गेली, इतर कुठल्याही आघाडीपेक्षा जास्त. ज्यांच्या कबरींचा पत्ता लागला नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभारले गेले. त्याच्या भिंतींवर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावे एकेक करून कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या पलटणीचे नाव दिले आहे आणि त्यापुढे अमुक इतके, असा आकडा. सद्दामच्या हुकमाने १९९७ मध्ये ते सारे स्मारक दगडन्‌दगड उचलून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर हलवले गेले, तेव्हा आकडेही तसेच हलवले गेले.