'ग्रस्त' या पदाचा इतिहास : कोयनाकाठचा एक अर्थविचार

माणसाची ओळख गावावरून सांगणारा '-कर' हा प्रत्यय मराठीत जुना आहे. पाटणच्या देशमुखीचे वतनदार ते पाटणकर. येथे प्रत्यय हक्क सांगतो. एरवी तो गाव सोडून गेलेल्यास लागतो, मात्र मागे गाव जागेवर आहे हे गृहीत धरून. पाटण तालुक्यात कोयनेवर 103 मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि हे गृहीतच पाण्याखाली गेले. शिवसागर जलाशयाने उठवलेली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. त्यांच्या वाट्यास आलेल्या नव्या संज्ञेत गाव नव्हते : धरणग्रस्त, अधिक कार्यालयीन भाषेत, प्रकल्पग्रस्त.

'ग्रस्त' हे 'ग्रस्' म्हणजे गिळणे या धातूचे कर्मणी रूप. पंचांगात ग्रहण लागलेल्या स्थितीतच उगवणाऱ्या बिंबाला ग्रस्तोदित म्हणतात. पण तेथे स्पर्शाच्या वेळेबरोबर मोक्षाचीही वेळ छापलेली असते. प्रशासनाने यांतील ग्रास तेवढा उचलला. दाखला वारसांकडे जातो, म्हणजे ग्रस्तताही पिढीजात होते.

या पदाचा समासही निरखण्याजोगा आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त या मालिकेत 'प्रकल्पग्रस्त' बसविला की धरण हा कोणी घेतलेला निर्णय न राहता कोसळलेली आपत्ती ठरते. कर्ता व्याकरणातूनच नाहीसा होतो. पाटणात तर या मालिकेचा प्रत्यक्ष पडताळा मिळतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि त्याच खोऱ्यात 'भूकंपग्रस्त' ही दुसरी संज्ञा रुजली. शासकीय नोकरीच्या समांतर आरक्षणात पहिलीला 5 टक्के, दुसरीला 2 टक्के. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून भूशास्त्रज्ञ कोयनेकडेच बोट दाखवितात. शासनाच्या कोष्टकात मात्र दोन रकाने स्वतंत्र आहेत.

कायद्याचा शब्द निराळा. 1976 च्या अधिनियमाने 'विस्थापित' व्यक्ती धरली. 1986 आणि 1999 च्या अधिनियमांनी 'बाधित'. मराठी कानाला बाधा भुताची होते किंवा अन्नाची, आणि दोन्ही उतरतात. शब्द सौम्य झाला, व्याप्ती वाढली. पण कोयनेची माणसे उठली ती 1976 च्या कितीतरी आधी. त्यांना उठवताना अशी कोणतीच कायदेशीर संज्ञा हाताशी नव्हती. ती मागाहून त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यातच पुढचा झगडा खर्ची पडला.

1921 च्या मुळशी सत्याग्रहाशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. तेथील शेतकऱ्यांना 'मावळे' म्हटले गेले. त्या नावात इतिहास होता, प्रतिकार होता. हक्काची व्याख्या मात्र नव्हती. 'ग्रस्त' मध्ये नेमके उलट घडले. श्रमिक मुक्ती दलासारख्या संघटनांनी हे कर्मणी पद टाकून दिले नाही. ते अनेकवचनी केले, परिषदांच्या आणि मोर्चांच्या फलकांवर लिहिले, आणि 'ज्याला गिळले तो' या अभिधेवर 'ज्याचे देणे बाकी आहे तो' ही लक्षणा चढविली. दाखल्यावरचा शब्द एकवचनीच राहिला : नोकरीसाठी तो खातेदाराने नामनिर्देशित केलेल्या एकाच्या नावे निघतो, आणि दुसऱ्याच्या नावे करावयाचा तर पहिल्याची संमती लागते.