गाव म्हणजे कोण? : कोकणातील इंधनप्रकल्प, ग्रामसभेचा ठराव आणि मतदारयादी

झाशी शहराच्या तटातील ओरछा दरवाजा इतिहासापेक्षा आख्यायिकेत अधिक ठळक आहे. मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोजच्या सैन्याने शहराला वेढा घातला आणि ३ एप्रिल रोजी ते आत शिरले. लष्करी वृत्तांतांनुसार हा प्रवेश तटाला पडलेल्या खिंडारातून आणि शिड्या लावून झाला. लोकस्मृतीनुसार मात्र तो ओरछा दरवाजातून झाला, कारण दुल्हाजू नावाच्या सरदाराने तो आतून उघडला. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीने ही कथा सर्वदूर पोचवली. तिच्या प्रामाण्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. ती कथा टिकून राहिली, कारण तिच्या पोटात एक राजकीय प्रश्न आहे : आत राहणाऱ्या सर्वांच्या वतीने दार उघडण्याचा अधिकार एकाला कोठून मिळतो?

झाशीच्या या कथेला कोकणाचे दोन धागे आहेत. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील कोट. ते लांजा तालुक्यात, राजापूरच्या शेजारी येते. झाशीचा वेढा आतून पाहिलेले विष्णुभट गोडसे पेण तालुक्यातील वरसईचे. त्यांच्या ‘माझा प्रवास’मुळेच ही घटना मराठीत प्रत्यक्षदर्शी गद्य म्हणून उतरली. या धाग्यांवरून कोणताही कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. तरीही दीड शतकानंतर राजापूर आणि पेण याच दोन तालुक्यांत दार कोणी उघडावे हा प्रश्न मतदानाच्या रूपाने पुन्हा उभा राहिला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. या वेळी दाराशी आले ते प्रकल्प होते : पेणमध्ये विशेष आर्थिक क्षेत्र, राजापूरमध्ये तेलशुद्धीकरण कारखाना आणि त्याआधी गुहागरात एन्रॉनचे वीजकेंद्र.

गावाच्या वतीने बोलण्याची मराठी परंपरा जुनी आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे निर्णयाचा महजर लिहिला जाई आणि त्यावर पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षी पडत. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर ही त्यांतली सर्वांत परिचित. महजराचे बळ अंमलबजावणीत नव्हे, तर साक्षीत होते : अमुक जण हजर होते, त्यांच्यादेखत हे ठरले. आजच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठराव क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’ हा जो साचा आढळतो, त्याची भाषा ब्रिटिश काळातील सभाशास्त्रातून आलेली असली तरी त्याचे काम महजराचेच आहे. फरक साक्षीदारांत आहे. महजरावर वतनदार होते. ग्रामसभेत मतदारयादीतला प्रत्येक प्रौढ आहे.

या दोहोंच्या मध्ये तिसरा कागद येतो, सातबारा. प्रकल्पासाठी जी संमतीपत्रे गोळा होतात ती खातेदारांची. कोकणात खातेदार आणि रहिवासी ही एकच व्यक्ती असतेच असे नाही. एका सातबाऱ्यावर चार पिढ्यांची सामाईक नावे असतात, त्यांतली निम्मी माणसे मुंबईत चाकरमानी. ज्या सुनेने उभा जन्म कलमांना पाणी घातले तिचे नाव कब्जेदाराच्या रकान्यात नसते. असलेच तर ‘इतर हक्कां’त. खाडीवर जगणाऱ्या मच्छीमाराचा तर समुद्राला सातबाराच नाही. म्हणजे संमतीपत्र ज्यांना विचारते ते एक गाव, आणि मतदारयादी ज्यांना मोजते ते दुसरे. कोकणातील इंधनप्रकल्पांविरुद्धच्या संघर्षाचा इतिहास बव्हंशी या दोन गावांतल्या तफावतीचा इतिहास आहे.

एन्रॉनच्या प्रकरणात ही तफावत अद्याप स्पष्ट झाली नव्हती. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार. वेलदूर, अंजनवेल, रानवी येथील विरोध गावपातळीवर सुरू झाला, पण त्याचा निकाल मागितला गेला तो विधानसभेच्या निवडणुकीत. १९९५ मध्ये एन्रॉन समुद्रात बुडवण्याचे आश्वासन देत शिवसेना–भाजप युती सत्तेवर आली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये वाढीव क्षमतेसह तोच प्रकल्प फेरवाटाघाटींतून परत आला. मे १९९६ मध्ये केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारने प्रतिहमीला मंजुरी दिली. गावाने दिलेले मत वर पोचता पोचता असे उलटे झाले. त्यानंतर ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलिस शिरले आणि घराघरांतून स्त्रियांना ओढून नेण्यात आले. याची दखल अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या दोन्ही संस्थांनी आपल्या अहवालांत घेतली. मृणाल गोरे, मेधा पाटकर यांसारखे बाहेरून आलेले नेते या लढ्याच्या वार्तांकनात पुढे राहिले. वेलदूरच्या कोळणी मात्र त्यात बळी म्हणून आल्या, मतदार म्हणून नव्हे. केंद्र २००१ मध्ये बंद पडले ते विजेच्या दरामुळे आणि थकलेल्या देयकांमुळे. गावाच्या नकारामुळे नव्हे.

पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी जे घडले ते देशात अपूर्व होते. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत खुद्द शासनाने जनमत घेतले. प्रा. एन. डी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ आंदोलनाचे हे फळ होते. हा प्रकल्प इंधनाचा नव्हता, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो टाळता येत नाही. कारण येथे मत घेतले गेले ते शेतकऱ्यांचे, म्हणजे खातेदारांचे. मतपेटी आली, पण यादी सातबाऱ्याचीच राहिली. त्यातही कौल विरोधी गेल्याचे वृत्तपत्रांनी सांगितले आणि शासनाने निकाल अधिकृतपणे जाहीर केलाच नाही. प्रकल्प पुढे बारगळला. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून न घेण्याची ही रीत अर्थात पेणपुरती मर्यादित नाही.

राजापुरात मात्र मतदारयादी पूर्ण अर्थाने रणांगण झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी मिळून रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही कंपनी स्थापन केली. योजलेली क्षमता वर्षाला ६ कोटी टन. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामको आणि जूनमध्ये अबू धाबीची अ‍ॅडनॉक तीत सहभागी झाली. त्याआधीच मे २०१७ मध्ये नाणार परिसर आणि देवगड तालुक्यातील गिर्ये–रामेश्वर येथील जमिनीसाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ चा आधार घेऊन अधिसूचना निघाली होती. या अधिनियमात ग्रामसभेच्या संमतीची अट नाही. रत्नागिरी जिल्हा पाचव्या अनुसूचीत येत नसल्याने पेसा कायद्याचा आधारही येथे नव्हता. ओडिशातील नियमगिरीवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही जणींनी खाणीला नकार दिला. तो मार्ग राजापूरकरांना कायद्यानेच बंद होता. म्हणून येथील ठराव हा आरंभापासून निर्णय नव्हता, साक्ष होती. हे जाणूनही ते ठराव एकामागून एक झाले.

नाणारची अधिसूचना रद्द झाली ती २ मार्च २०१९ रोजी, लोकसभेची आचारसंहिता लागण्याच्या आठच दिवस आधी, युतीच्या वाटाघाटींचा भाग म्हणून. एप्रिल २०१८ मध्ये उद्योगमंत्र्यांनी तीच घोषणा केली असता मुख्यमंत्र्यांनी ते मंत्र्यांचे व्यक्तिगत मत ठरवले होते. मधल्या काळात गावाचे मत बदलले नव्हते. बदलली होती ती त्या मताची वर असलेली गरज. जानेवारी २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली, तेव्हा एन्रॉनचा अनुभव आठवणारी माणसे कोकणात हयात होती.

बारसू, सोलगाव, देवाचे गोठणे, शिवणे या गावांतील विरोधकांनी यातून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पक्षांवर विसंबण्याऐवजी त्यांनी सरपंचपदालाच प्रश्न जोडला. याला एक कायदेशीर निमित्त होते. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि जुलै २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. सदस्यांनी सरपंच निवडायचा तर वाड्यांचे, भावक्यांचे हिशेब पुढे येतात. साऱ्या गावाने एका नावावर शिक्का द्यायचा म्हणजे निवडणूक आपोआप होय–नाहीकडे झुकते. रस्ता, नळपाणी, शाळेचे छप्पर यांवर लढवायची निवडणूक अशा रीतीने जगातील बड्या तेलकंपन्यांच्या भवितव्याशी जोडली गेली. यात गावाचे नुकसानही आहे, हे नाकारता येत नाही : नळपाण्याचा प्रश्न विचारणारा उमेदवार रिफायनरीविषयी काय बोलतो यावरच तोलला जातो.

अमेरिकेतील दोन उदाहरणे येथे उपयुक्त ठरतात. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे २०१२ च्या शेव्हरॉन रिफायनरीतील आगीनंतर २०१४ च्या नगरपरिषद निवडणुकीत कंपनीने सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले, तरी तिचे उमेदवार पडले. वॉशिंग्टन राज्यातील व्हॉटकम परगण्यात २०१३ ची परिषद निवडणूक कोळसा निर्यातीच्या धक्क्याभोवती फिरली. या परिषदांच्या हाती परवान्याचा किंवा कराचा काही प्रत्यक्ष अधिकार होता. राजापूरच्या सरपंचाच्या हाती शिक्का आणि इतिवृत्त एवढेच. तरी व्हॉटकमचा धक्का २०१६ मध्ये अखेर अडला तो लम्मी जमातीच्या मासेमारीच्या करारहक्कावर. तिथेही निर्णायक ठरली ती मतदारयादी नव्हे, एक जुना कागद.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रिफायनरीविषयी लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा राजापूरजवळ वाहनाच्या धडकेने मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी मोठा पोलिस बंदोबस्त आला. २४ एप्रिल हा पंचायती राज दिन त्याच आठवड्यातला. सड्यावर रणरणत्या उन्हात आडव्या झालेल्यांत आणि ताब्यात घेतलेल्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. दुसऱ्या बाजूस जमीनमालकांची संमतीपत्रे असल्याचे सांगितले जात होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत होती.

प्रकल्पाचे समर्थक गावाबाहेरचेच होते असे मानणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. तालुक्यात रोजगार नाही, मुलगा मुंबईला गेला की परत येत नाही, हे दुःख समर्थकांचेही होते आणि विरोधकांचेही. संमतीपत्रावर सही करणारा चाकरमानी दुल्हाजू नव्हे. त्याला त्याच्या वाट्याच्या कातळाचे मोल प्रथमच कोणी विचारले होते. त्याचे मत मात्र मुंबईच्या वॉर्डात नोंदलेले होते. उलट ज्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, तिचे नाव बारसूच्या यादीत होते आणि ग्रामसभेच्या हजेरीपटावर तिची सही किंवा अंगठा होता.

त्या सड्यावर आणखी एक साक्ष आहे. बारसू आणि देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये कोकणातील अन्य स्थळांसह युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समाविष्ट झाली. ज्यांनी ती कोरली त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत; माती परीक्षणाच्या वेळी त्या रेषांचा आधार घेऊन ग्रामस्थ जिल्हा प्रशासनाशी वाद घालत होते.