गोल्फच्या बॅगेतले डंबेल्स

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार गवत, पांढरी टोपी, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी आणि अठराव्या होलनंतरचं थंडगार पेय. भारतातून इथे राहायला आलेले आई-बाबा तर सरळ विचारतात, "याला काय खेळ म्हणायचं? घाम तरी येतो का?" गंमत म्हणजे हा प्रश्न गोल्फच्या जगालाही बराच काळ पडलेला होता. या खेळासाठी शरीर कमवायची गरज आहे का? त्याचं उत्तर ज्यांनी सुरुवातीला शोधलं, त्यांत दोन हौशी खेळाडू होते. हौशी म्हणजे आपल्यासारखे शनिवार-रविवारवाले नव्हेत, पण बक्षिसाच्या पैशासाठी न खेळणारे.

पहिला बॉबी जोन्स. जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग, हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य आणि व्यवसायाने वकील. म्हणजे शिक्षणाच्या बाबतीत आपल्या मंडळींना अगदी आपला वाटावा असा! १९३० साली त्याने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. त्याआधीच्या हिवाळ्यात जोन्स अटलांटात 'डग' नावाचा खेळ नेमाने खेळत होता. टेनिस आणि बॅडमिंटन यांच्या मिश्रणासारखा हा दमछाक करणारा खेळ सिनेनट डग्लस फेअरबँक्स याने काढलेला. वजन आटोक्यात ठेवायचं आणि पायांत दम आणायचा, हा जोन्सचा हेतू. मोठ्या स्पर्धांच्या ताणाने त्याचं वजन झपाट्याने उतरत असे, त्यामुळे शरीराची किंमत त्याला नेमकी ठाऊक होती.

पण वजनं उचलायची म्हटलं की गोल्फर्स दचकत. त्या काळची पक्की समजूत अशी, की वजनं उचलली की स्नायू आखडतात, खांदे वळत नाहीत आणि मनगटातली नजाकत जाते. आता यात आपल्याला हसू येईल असा भाग आहे. आपल्या तालमीतले मुद्गल इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेले आणि १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या व्यायामाच्या पुस्तकांत 'इंडियन क्लब्ज' म्हणून त्यांची चित्रं छापली जात होती. अमेरिकेतही ते पोचले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धा होती! वजन घेऊन खांदा फिरवल्याने खांदा आखडत नाही, हे तालमीतल्या कुठल्याही वस्तादाने सांगितलं असतं. पण गोल्फ क्लबात वस्तादाला विचारतो कोण?

त्याच ऑलिम्पिकमध्ये बेब डिड्रिकसन या मुलीने भालाफेक आणि अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदकं मिळवली, शिवाय उंच उडीत रौप्य. पुढे ती गोल्फकडे वळली आणि बेब झहारियस या नावाने तिने तीनदा अमेरिकेची विमेन्स ओपन जिंकली. तिसऱ्यांदा, १९५४ मध्ये, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सव्वा वर्षाने. घडवलेलं शरीर गोल्फला मारक नसतं, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

दुसरा हौशी खेळाडू फ्रँक स्ट्रॅनहॅन. ओहायोतल्या टोलिडो गावचा, स्पार्क प्लगच्या मोठ्या कारखानदाराचा मुलगा. पैशाची ददात नव्हती, पण वेड एकच, वेटलिफ्टिंग. स्पर्धांना जाताना तो लोखंडी वजनं बरोबर घेऊन फिरायचा. हॉटेलचे हमाल बॅग उचलायला वाकत आणि बॅग जागची हलत नसे, असे त्याचे किस्से आहेत. लोक हसले, पण स्ट्रॅनहॅनने १९४८ आणि १९५० साली ब्रिटिश अमॅच्युअर जिंकली. हौशी असतानाच तो मास्टर्समध्ये एकदा आणि ब्रिटिश ओपनमध्ये दोनदा दुसऱ्या क्रमांकावर आला. १९५४ मध्ये तो व्यावसायिक झाला. नंतर मॅरेथॉन धावू लागला आणि २०१३ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला.

स्ट्रॅनहॅनचा वारसा चालवला तो दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअरने. वडील सोन्याच्या खाणीत कामाला, आई तो आठ वर्षांचा असताना गेलेली. थोरला भाऊ इयन दुसऱ्या महायुद्धावर निघाला, तेव्हा त्याने धाकट्याच्या हातात व्यायामाची वजनं ठेवली आणि आयुष्यभर व्यायाम करण्याचं वचन घेतलं. प्लेअरची उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या वर. धिप्पाड अमेरिकन खेळाडूंशी टक्कर द्यायची तर ताकद कमवावी लागणार, हे त्याने ओळखलं. १९६५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकन ठरला. १९७८ ची मास्टर्स त्याने बेचाळिसाव्या वर्षी जिंकली. २००९ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो आपली बावन्नावी आणि शेवटची मास्टर्स खेळला. भावाला दिलेलं वचन इतकं कुणी पाळलं असेल का?

दरम्यान सामान्य हौशी गोल्फर मात्र उलट्या दिशेला निघाला होता. १९५० च्या दशकात अमेरिकेत गोल्फ कार्ट आल्या आणि चालणं सुटलं. अठरा होल्स चालत खेळले तर आठ-दहा किलोमीटर सहज होतात. गाडीत बसलं की उरतात फक्त स्विंग. हा वाद पुढे थेट सुप्रीम कोर्टात गेला. पायाच्या गंभीर आजारामुळे केसी मार्टिन या खेळाडूला गाडी हवी होती. २००१ साली कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. चालणं हा या खेळाचा गाभा नाही, असं कोर्टाचं म्हणणं. कायद्याने ते योग्यच. पण धडधाकट माणसाच्या हृदयाला हा निकाल लागू नाही!

१९८० च्या दशकात पीजीए टूरबरोबर व्यायामाच्या साधनांचा फिरता ट्रेलर गावोगावी जाऊ लागला. १९९७ मध्ये एकवीस वर्षांच्या टायगर वूड्सने मास्टर्स १२ स्ट्रोक्सनी जिंकली आणि जिम हा व्यावसायिक गोल्फचा भागच झाला. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात 'टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट' सुरू झाली. तिथे आधी शरीर कुठे अडतं ते तपासतात आणि मग स्विंगकडे वळतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर आधी हार्डवेअर तपासा, मग प्रोग्रॅमला नावं ठेवा.

अर्थात याला दुसरी बाजूही आहे. पोट सुटलेल्या क्रेग स्टॅडलरने १९८२ ची मास्टर्स जिंकलीच. आणि कमावलेल्या शरीराच्या वूड्सच्या पाठीवर २०१४ ते २०१७ दरम्यान चार शस्त्रक्रिया झाल्या. २०१९ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा मास्टर्स जिंकला, हे खरं. पण त्याच्यासारखी जिम करणं म्हणजे त्याच्यासारखं खेळणं नव्हे, आणि प्रत्येकाने तसं करायचं कारणही नाही.

मग आपण या इतिहासातून काय घ्यायचं? १९९० च्या एका संशोधनात दिसलं, की स्विंग करताना कंबरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो. कंबरेचे मणके मुळात फार वळत नाहीत. वळायचं असतं ते खुब्यांनी आणि पाठीच्या वरच्या भागाने. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून आपले खुबे आखडतात आणि शनिवारी ते काम कंबरेवर येऊन पडतं. हौशी गोल्फरचं सर्वात नेहमीचं दुखणं कंबरेचं असतं, त्यात नवल नाही. म्हणजे फिटनेसची खरी गरज व्यावसायिकापेक्षा आपल्यालाच जास्त आहे.

उपाय साधेच आहेत. खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं अंग मोकळं करा, थेट ड्रायव्हर हातात घेऊ नका. आठवड्यातून दोनदा पाय, पाठ आणि पोटाचे व्यायाम. सूर्यनमस्कार तर आपल्या घरचेच आहेत. पाठीचं किंवा हृदयाचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि जमेल तेव्हा गाडी सोडून चाला. स्वीडनमध्ये तीन लाख गोल्फर्सच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी आढळला. २००८ साली हे निष्कर्ष जाहीर झाले. हे सगळं श्रेय गोल्फचं असं म्हणता येणार नाही, पण चार-पाच तास मोकळ्या हवेत चालण्याचा त्यात वाटा नक्कीच असावा.

जोन्स व्यवसायाने वकील होता, तरी हिवाळाभर घाम गाळत होता. तेव्हा "ऑफिसमुळे वेळ मिळत नाही" ही सबब आपण जरा जपूनच वापरावी. आणि पुढच्या वेळी आई-बाबांनी घामाबद्दल विचारलं, तर त्यांनाही बरोबर घ्या. नऊ होल्स चालून झाले की उत्तर त्यांचं त्यांनाच मिळेल.