गिधाडांचा ऱ्हास व संरक्षण

भारतीय उपखंडात १९९० नंतरच्या सु. १५ वर्षांत जिप्स वंशातील गिधाडांची संख्या अतिशय झपाट्याने घटली. या घटीची नोंद, तिच्या कारणाचा शोध व त्या शोधावर आधारलेले संरक्षणाचे प्रयत्न हा प्राणि-परिस्थितिविज्ञानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा भाग आहे. पाळीव जनावरांना दिलेल्या औषधाच्या अवशेषामुळे विस्तृत प्रदेशातील पक्षिजाती नष्टप्राय होऊ शकतात, हे यावरून प्रथमच स्पष्ट झाले. विपुल आढळणाऱ्या प्राण्यांचीही नियमित गणना का आवश्यक असते, हेही या घटनेने दाखवून दिले.

पार्श्वभूमी : भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड (जिप्स बेंगालेन्सिस), लांब चोचीचे गिधाड (जिप्स इंडिकस) व बारीक चोचीचे गिधाड (जिप्स टेन्युइरोस्ट्रिस) या तीन जातींना ऱ्हासाची सर्वाधिक झळ पोहोचली. पहिली जाती उंच वृक्षांवर वसाहती करून घरटी बांधते, दुसरी मुख्यतः कड्यांच्या कपारींत राहते, तर तिसरी हिमालयाचा पायथा व आसामकडील प्रदेशात वृक्षांवर घरटी करते. मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते व पिलू प्रौढ होण्यास सु. पाच वर्षे लागतात. त्यामुळे प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमाण थोडे वाढले, तरी ही तूट वीण भरून काढू शकत नाही.

भारतात गुरांची संख्या मोठी असून त्यांचे मांस खाण्याचे प्रमाण कमी आहे. मेलेले जनावर गावाबाहेर टाकण्याची, त्याचे कातडे काढून घेण्याची व उरलेले मांस गिधाडांनी फस्त केल्यावर हाडे वेचून नेण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. गिधाडांचा मोठा थवा गुराचे शव तासाभरात साफ करतो. पारशी समाजाची दोखम्यातील अंत्यविधीची प्रथाही गिधाडांवर अवलंबून होती. १९८० नंतरच्या दशकात भारतातील गिधाडांची संख्या लक्षावधींच्या घरात होती आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड ही मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी जगातील बहुधा सर्वांत विपुल जाती समजली जात असे. इतक्या सामान्य पक्ष्याची मोजदाद ठेवण्याची निकड सहसा कोणास वाटली नाही.

घटीची नोंद : या सर्वसाधारण उपेक्षेला दोन अपवाद होते. राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश हे १९८० नंतरच्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. त्यावेळी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या तेथे वीण करीत असल्याची नोंद त्यांनी केली होती. सु. दहा वर्षांनी ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा निम्म्याहून कमी जोड्या उरल्या होत्या. झाडांवर मेलेली गिधाडे लोंबकळत होती आणि जिवंत पक्षी माना खाली टाकून तासन्‌तास निश्चल बसलेले दिसत. हा वृत्तांत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काही वर्षांत या उद्यानातील त्यांची वीण पूर्णपणे थांबली.

दुसरी नोंद अधिक व्यापक होती. याच संस्थेने १९९०–९३ या काळात शिकारी पक्ष्यांच्या सर्वेक्षणासाठी देशातील अनेक रस्त्यांवर वाहनातून पक्षी मोजले होते. त्यावेळी गिधाडे धोक्यात आहेत, अशी कोणाचीही कल्पना नव्हती. २००० मध्ये त्याच मार्गांवर त्याच पद्धतीने गणना केली असता संख्या ९०% हून अधिक घटल्याचे आढळले. हीच गणना २००७ मध्ये पुन्हा केल्यावर १९९२ च्या तुलनेत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची घट ९९·९%, तर इतर दोन जातींची मिळून ९६·८% असल्याचे दिसून आले. पहिली गणना उपलब्ध नसती, तर ऱ्हासाचा वेग अजमावणे शक्य झाले नसते.

कारणाचा शोध : प्रारंभी अन्नाचा तुटवडा, कीटकनाशके, घरट्यांच्या झाडांची तोड अशी कारणे सुचविण्यात आली. परंतु मृत जनावरे पूर्वीप्रमाणेच उपलब्ध होती आणि संरक्षित क्षेत्रांतही मृत्यू होत होते. त्यामुळे एखाद्या नव्या विषाणूची साथ असावी, हा तर्क काही काळ प्रबळ ठरला. मृत पक्ष्यांच्या विच्छेदनात यकृत, हृदय इ. अंतस्त्यांवर यूरिक अम्लाचा खडूसारखा पांढरा थर आढळे. वृक्के (मूत्रपिंडे) निकामी झाल्याचे ते लक्षण होते. परंतु ती निकामी कशाने झाली, हे कळत नव्हते.

याचे उत्तर पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मिळाले. तेथील वसाहतींत अमेरिकेचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनी विषाणू, जीवाणू, जड धातू व कीटकनाशके यांसाठी केलेल्या तपासण्यांतून काहीच निष्पन्न झाले नाही. तेव्हा गिधाडांच्या अन्नातून कोणते औषध त्यांच्या शरीरात जाऊ शकेल, याचा त्यांनी विचार केला. ताप, सूज व वेदना यांवर गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध त्या सुमारास सर्वत्र वापरात आले होते. वृक्के निकामी होऊन अंतस्त्यांवर थर साचलेल्या २५ गिधाडांपैकी प्रत्येकाच्या वृक्कात त्याचे अवशेष सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही ते नव्हते. औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातलेली गिधाडेही त्याच लक्षणांनी मेली. हे निष्कर्ष २००३ मध्ये जाहीर झाले व २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

थोड्या शवांत असलेले औषध एवढा संहार कसा करू शकेल, ही शंका गणिती प्रतिमानाने दूर झाली. एका शवावर अनेक गिधाडे तुटून पडतात आणि प्रत्येक गिधाड दर दोन-तीन दिवसांनी नव्या शवावर जेवते. वर्षाला सु. १२० वेळा खाणाऱ्या पक्ष्याला दर २०० शवांमागे एक विषारी शव लाभले, तरी त्या वर्षात तो मरण्याची शक्यता सु. ४५% होते. ऱ्हासाचा प्रत्यक्ष वेग घडून येण्यास १३० ते ७६० शवांमागे एक घातक शव पुरेसे असल्याचे रीस ग्रीन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. प्रत्यक्षात भारतात २००४-०५ मध्ये तपासलेल्या गुरांच्या शवांपैकी सु. १०% शवांत हे औषध आढळले.

परिणाम : गिधाडांच्या अभावी शवे कुजत पडू लागली आणि भटक्या कुत्र्यांना मुबलक अन्न मिळाले. त्यामुळे पिसाळलेल्या कुत्र्यांचा व दूषित पाण्याचा धोका वाढला. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०००–०५ या काळात भारतात गिधाडांच्या ऱ्हासामुळे सु. ५ लाख अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज वर्तविला आहे. मुंबईतील पारशी समाजाला दोखम्यांत सौर संकेंद्रक बसवावे लागले.

संरक्षणाचे उपाय : मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना निर्धोक असल्याचे प्रयोगांनी सिद्ध झाल्यावर भारत, नेपाळ व पाकिस्तान यांनी २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, बांगला देशाने २०१० मध्ये तिचे अनुकरण केले. तथापि माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी विकल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये भारतात अशा कुप्यांचा आकार एका मात्रेपुरता मर्यादित करण्यात आला. गिधाडांना अपायकारक ठरलेल्या किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येण्यास मात्र २०२३ साल उजाडले.

हरियाणातील पिंजोर येथे २००४ मध्ये संवर्धन-प्रजनन केंद्र सुरू झाले. पुढे पश्चिम बंगाल, आसाम व मध्य प्रदेशातही अशी केंद्रे निघाली. पिंजोर येथील पक्षी मोकळे सोडण्यास २०२० मध्ये प्रारंभ झाला. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील फणसाड व म्हसळे परिसर, तसेच नासिकजवळील अंजनेरीचे कडे येथे गिधाडांचे अवशिष्ट अधिवास आहेत. पिंजोर येथे वाढविलेली गिधाडे २०२४ मध्ये विदर्भातील ताडोबा व पेंच व्याघ्र प्रकल्पांत आणून सोडण्यात आली.

बंदीनंतर ऱ्हासाचा वेग मंदावला. परंतु पूर्वस्थिती आलेली नाही. २०१५ च्या गणनेवरून भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याची सु. ६,०००, लांब चोचीची सु. १२,००० व बारीक चोचीची सु. १,००० गिधाडे उरली असल्याचा अंदाज करण्यात आला. मोकळे सोडलेले गिधाड अन्नासाठी दिवसाकाठी कित्येक किलोमीटर फिरते व अभयारण्याच्या सीमेत राहत नाही. म्हणून पिंजऱ्यातील वीण कितीही यशस्वी झाली, तरी त्याचे भवितव्य अखेर गावोगावच्या आजारी जनावराला कोणते औषध टोचले जाते, यावरच अवलंबून राहते.